कावळ्याची तार

“कुठं बघितलेस?” मी आईला विचारलं.

“परसात. शेवग्याच्या झाडावर.”

“किती होते?”

“दोन. तेवढंच लागत्यात.”

“वेळ?”

“उन्हं सोप्यात आली व्हती. आरं, तू काय पंचनामा करायला आलाईस व्हय?”

मी वही मिटली. खिशातून वही काढली होती हे मला तिनं म्हटल्यावरच कळलं. सांगलीच्या एका दैनिकात मी तेव्हा नऊ वर्षं उपसंपादक होतो. कुणी काही सांगू लागलं की कुठं, किती, केव्हा हे विचारल्याशिवाय माझ्याच्यानं राहवत नसे. तो मंगळवार होता, १८ फेब्रुवारी १९८६. सकाळी एस.टी.च्या कंडक्टरनं कचेरीत निरोप आणून दिला होता की म्हातारीनं बोलावलंय, आजच्या आज या. मी मिळेल त्या गाडीनं विटा गाठलं, तिथून सात मैल पुढं आमच्या गावात आलो. बघतो तर आई धडधाकट. सोप्यात बसून तूर पाखडत होती.

“ह्यासाठी बोलावलंस?”

“मग कवा बोलवायचं? मेल्यावर?”

कावळा-कावळीचा संग दिसणं आमच्याकडे वाईट समजत. बघणाऱ्याचं मरण जवळ आलं असं धरत. त्यावर उतारा एकच होता. बघणारा वारला, अशी खोटी बातमी त्याच्या जिव्हाळ्याच्या माणसाला धाडायची. त्यानं ती खरी मानून रडायचं. तो रडला की मरण टळलं. मग मागोमाग दुसरा निरोप जायचा की सगळं क्षेम आहे, कावळा बघितला होता. माझ्या लहानपणी अशी पत्रं गावात येत. बाया आधी ऊर बडवून घेत आणि चार दिवसांनी दुसरं पत्र आलं की तेवढ्याच जोरात शिव्या घालत.

“कुणाला कळवायचं?”

“सर्जाला. तार कर.”

सर्जेराव माझा थोरला भाऊ. आम्ही त्याला दादा म्हणायचो. तो तामिळनाडूत सेलमला गलाईच्या दुकानात होता. जुनं सोनं-चांदी वितळवून, तेजाबात टाकून शुद्ध करायचं, हा आमच्या तालुक्यातल्या माणसांचा धंदा. घरटी एक माणूस असा कुठंतरी परमुलखात भट्टीपुढं बसलेला असे. वडील विहिरीच्या कामावर सुरुंगात गेले तेव्हा आई अठ्ठावीस वर्षांची होती, दादा तेरा आणि मी चार. पुढच्या वर्षी गावातल्या रंगराव निकमांनी दादाला सेलमला नेलं. त्यानं पाठवलेल्या मनिऑर्डरींवर मी बी.ए. झालो. त्याची शाळा तिथंच सुटली, पत्रं वहिनी लिहीत.

“पत्र टाकू,” मी म्हणालो. “तार कशाला? तो घाबरंल.”

“घाबराय पायजेच. त्याबिगार रडंल व्हय?”

“आणि दुसरी तार? ती त्याच दिवशी टाकतो.”

आईनं सूप खाली ठेवलं. “दुसरी मी सांगीन तवा.”

“म्हणजे कधी?”

“सांगीन की.”

मला हा विषय नको होता. गाडीत बसल्यापासून माझ्या डोक्यात उज्वला होती. निरोप तिच्यासाठीच आला असेल अशी माझी समजूत होती.

उज्वला दादाची थोरली मुलगी. अडीच वर्षांची असताना तेजाबाच्या धुरानं तिचा खोकला हटेना, म्हणून दादानं तिला गावी आणून सोडलं. नंतर झालेले दोघे मुलगे तिकडं आईबापाजवळ राहिले, ही आमच्या आईजवळच राहिली. भांगलणीला जाताना आई तिला पाठीशी बांधून न्यायची. पुढं शाळा सुरू झाल्यावर रोज दिवेलागणीला आई म्हशीची धार काढायची आणि उज्वला गोठ्याच्या दारात बसून धडा मोठ्यानं वाचायची. आईला अक्षर येत नव्हतं. पण आठवीचा इतिहास तिला पाठ होता, आणि पोरीनं एखादं वाक्य गाळलं की ती आतून म्हणायची, “मागचं र्‍हायलं बघ.” घरात सगळे तिला आई म्हणत म्हणून उज्वलाही आईच म्हणायची. 

आता ती सोळा वर्षांची होती. दहावीची परीक्षा सात मार्चला सुरू व्हायची होती. आणि दोन मार्चला, सेलममध्ये, तिचा साखरपुडा होता. निकमांच्या मुलाशी. लग्न वैशाखात. येत्या रविवारी तिचा मामा तिला न्यायला येणार होता. आईनं चार पत्रं धाडली होती, त्यातली दोन मीच लिहून दिली होती. उत्तर एकदाच आलं, वहिनींच्या अक्षरात. ‘आईनं शेतीचं बघावं. पोरीचं मी बघतो.’

“आणि उजीचं काय करायचं?” मी विचारलं.

“तिची सराव परीक्षा हाय शुक्रवारपातूर. तिला ह्यातलं काय सांगू नगंस.” आई उठली. “शुक्रवारी तू हिकडंच ये. जा आता, शेवटची गाडी चुकंल.”

*

बुधवारी सकाळी नऊ वाजता मी सांगलीच्या तार कचेरीत उभा होतो. विट्यातून केली असती तर संध्याकाळपर्यंत आईच्या नावानं निम्मा तालुका दारात आला असता.

खिडकीवर बसणारे कुलकर्णी मला ओळखत. पेपरच्या तारा रोज त्यांच्याच हातून यायच्या-जायच्या. त्यांनी फॉर्म वाचला आणि चष्मा काढला.

“अरेरे. कधी?”

“काल.”

“वय?”

“चौपन्न.”

“काही आजार?”

“नाही. अचानक.”

अशी उत्तरं मी शेकड्यांनी लिहून घेतली होती. द्यायची वेळ पहिल्यांदा आली होती आणि ती इतकी सहज येत होती की मला माझीच भीती वाटली.

“नुसतंच ‘मदर एक्स्पायर्ड’? ‘ताबडतोब निघा’ घालू का इंग्रजीत? सगळे घालतात.”

“नको.”

“अहो, दोनच शब्द वाढतील.”

“नको म्हणतो ना.”

ते वरमले. मी ये म्हटलं नाही म्हणजे दादा येणार नाही, तिकडंच रडेल, आणि दुपारी दुसरी तार गेली की शिव्या घालून मोकळा होईल, असा माझा हिशेब होता. दुसऱ्या तारेचा फॉर्म मी तिथंच भरला. आई सुखरूप, कावळ्यामुळे कळवलं होतं, काळजी नको. घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. आई म्हणो काहीही, दुपारी टाकायचाच, असं ठरवून मी बाहेर पडलो.

कचेरीत गेलो तर सगळे उभे राहिले. कुलकर्ण्यांनी फोन केला होता.

आमचे मुख्य उपसंपादक सोहोनी पुढं आले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. “तुम्ही इथं कसे आलात? घरी जा. इकडचं आम्ही बघतो.”

“साहेब, तसं काही नाही.”

“असं होतं माणसाचं. सुचत नाही काही. बसा, पाणी घ्या.” त्यांनी टेबलावरचा कागद माझ्यापुढं केला. “एवढं फक्त नजरेखालून घाला. नावात चूक नको.”

‘आमचे सहकारी हणमंत साळुंखे यांच्या मातोश्री बायडाबाई यांचे मंगळवारी अल्पशा आजाराने निधन झाले. त्या मनमिळाऊ व कष्टाळू होत्या. त्यांच्या पश्चात दोन मुले, सून, तीन नातवंडे असा परिवार आहे.’

मी ते दोनदा वाचलं. मनमिळाऊ हा शब्द आम्ही सगळ्यांनाच लावत होतो. पेन उचललं आणि सवयीनं ‘अल्पशा आजाराने’ खोडलं. मग भानावर येऊन कागदच चुरगाळला.

“साहेब, आई जिवंत आहे.”

सोहोनी खुर्चीत बसले. मी त्यांना कावळ्याचं सांगितलं. ते पुण्याचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, टिळा पुसल्यासारखा कपाळावरून हात फिरवला.

“आणि तुम्ही पाठवलीत? तुम्ही? अहो, नगराध्यक्षांच्या सासूबाई गेल्या तेव्हा स्मशानाची पावती बघितल्याशिवाय तुम्ही बातमी सोडली नव्हती.”

“आईचा हट्ट होता.”

“बरं, मग दुसरी तार गेली ना?”

“जाईल. दुपारी.”

“दुपारी कशाला? आत्ता जाऊन टाका. तो माणूस तिकडे काय करत असेल याची काही कल्पना?”

मी गेलो. रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढं एक मनुष्य होता, त्याला मुलगा झाल्याचं सासऱ्याला कळवायचं होतं आणि ‘वजन सात पौंड’ घालावं की नाही ते ठरत नव्हतं. मी खिशातला फॉर्म काढला, उलगडला, परत घडी केली. सेलमला निकमांच्या दुकानात फोनही होता. ट्रंक कॉल लावला असता तर दोन तासांत लागला असता. वजनवाल्याचं काम आटोपलं. कुलकर्णी खिडकीतून म्हणाले, “बोला साळुंखे.”

“काही नाही,” मी म्हणालो. “सहज आलो होतो.”

कचेरीत सोहोनींनी नुसती मान वर करून बघितलं, मी मान हलवली. टाकली की नाही टाकली, कुठल्याही प्रश्नाला चालावी अशी ती मान होती. त्यांनी विचारलं नाही.

त्या दिवशी आणि गुरुवारी मी काम केलं, पण मला एका जागी बसवत नव्हतं. एका लग्नाच्या बातमीत मुलाचं गाव चुकलं होतं. त्याचे नातेवाईक येऊन खुलासा मागत होते. मी तो लिहून दिला, ‘अनवधानाने झालेल्या चुकीबद्दल दिलगीर आहोत’. दर तासाला जिना उतरून खाली जायचं, चहा मागवायचा, अर्धा टाकून वर यायचं. खिशातला कागद घामानं मऊ पडला होता. आता दादाच्या हातात तार पडली असेल. आता तो रडत असेल. आता गाडीत बसला असेल. बसला असेल तर तार टाकून उपयोग नव्हता, आणि हे लक्षात आल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. मग त्या सुटकेची लाज वाटली.

*

शुक्रवारी सकाळी साडेआठला मी घरी पोचलो. उज्वला सरावाचा शेवटचा पेपर द्यायला शाळेत गेली होती. आईनं न्हाऊन धुवट लुगडं नेसलं होतं. चुलीवर भात होता. सोप्यात तेच सूप, तीच तूर.

“टाकलीस का दुसरी?”

“तू सांगितलं नाहीस.”

“बरं केलंस,” ती म्हणाली आणि पाखडू लागली.

“आई, दादा निघाला असला तर?”

“निघालाच आसंल. मिरजेला गाडी पाटं येती.”

“तुला कसं ठाऊक?”

“आरं, पंचवीस वर्सं झाली त्या गाडीनं पोरगं धाडतीया मी. मला ठाऊक नसंल?”

मी अंगणात फेऱ्या मारत राहिलो. दहाच्या सुमाराला फाट्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. आईनं सूप हलवायचं थांबवलं नाही, पण तिचं तोंड दाराकडं वळलं.

दादा अनवाणी आला. खांद्यावर एक पिशवी, डोक्यावरून घेतलेला पंचा. तो खाली बघत चालत होता. उंबऱ्याशी आला, मान वर केली आणि त्याला आई दिसली.

पंचा खाली पडला. डोकं गुळगुळीत होतं. मिशा नव्हत्या.

मी एकविसाव्या वर्षापासून मृत्यूच्या बातम्या लिहीत होतो, पण मागं राहिलेल्या माणसाचा चेहरा इतक्या जवळून पाहिला नव्हता. तो मटकन अंगणातच बसला.

“आलास?” आई म्हणाली. “पाय धू.”

तो उठला, सोप्यात आला आणि त्यानं तिचा दंड धरला. मग खांदा. मग पुन्हा दंड, दाबून.

“आई?”

“मीच हाय. डोकं बघू हिकडं.” तिनं त्याच्या टाळूवरून तळहात फिरवला, मागं मानेपर्यंत नेला. “जावळ काढल्यावर असंच व्हतं. मागं टेंगूळ हाय तसंच हाय.”

दादाच्या तोंडातून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला. तो माझ्याकडं वळला.

“कावळे,” मी म्हणालो.

त्याला पुढं सांगावं लागलं नाही. त्यानं डोळे मिटले, भिंतीला टेकला. “आयला तुमच्या कावळ्याच्या,” तो म्हणाला. “आरं, तिकडं आपल्या तालुक्याची झाडून सगळी माणसं जमली. न्हाव्याला बोलावलं. मला म्हणाले, तू पोचंपर्यंत म्हातारी ऱ्हात न्हाई, हितंच आंघोळ करून घे. थोरला हाईस. घेतली करून. तिसऱ्या दिवसाला राख सावडायला तरी मिळंल म्हणून पळत आलो.”

“काय खाल्लंस?” आईनं विचारलं.

“काय खातोय? बंगलोरच्या पुढं एका कानडी म्हाताऱ्यानं बळंच केळ दिलं. मी दारात बसून रडतोय, त्याला वाटलं पोरगं भुकेजलंय.”

आईनं भात वाढला, दुधात कालवला आणि ताट त्याच्यापुढं ठेवलं. तो पहिला घास घेणार तोच ती म्हणाली, “निकम काय म्हणाले?”

“कुठले?”

“रंगराव. भेटले आसतील की.”

“ष्टेशनावर आले व्हते.” तो खाता खाता सांगू लागला. “माणूस भला. डोळ्यांत पाणी आणलं. म्हणाले, सर्जेराव, आता तुमच्या घरात सुतक. वर्षभर काय करता येणार न्हाई. आणि आमचं म्हातारं हातरुणाला खिळलंय, त्याला नातसून बघून डोळं मिटायचं हाईत, आमाला वैशाख चुकवता येत न्हाई. पाटणकडचं एक ठिकाण त्यांच्या हातात हाय. राग मानू नगा म्हणाले. मी कुठला राग मानतोय त्या टायमाला.”

“मोडलं म्हणायचं.”

“मोडलंच.”

आईनं श्वास सोडला. इतका लांब, की दोघंही तिच्याकडं बघू लागलो. तिनं सूप जवळ ओढलं. तिची बोटं तुरीतून फिरत होती आणि डोळे समोर, कुठंच नाही असे, अंगणावर.

दादाचा घास ताटातच राहिला.

“आई,” तो म्हणाला. “कावळे कुठं बघितलेस?”

“शेवग्यावर.”

“हणमानं दिवाळीत लिवलं व्हतं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय म्हणून.”

“हाय.”

“मग?”

“मला ही तूर दिसत न्हाई, सर्जा. खडा हाताला लागतो म्हणून निवडती.”

परसात कोंबड्या उकरत होत्या. मला हे मंगळवारीच ठाऊक होतं. शेवगा परसाच्या पार टोकाला होता. मी वहीत कुठं, किती आणि केव्हा लिहून घेतलं, आणि ‘दिसलं कसं’ एवढं विचारलं नाही.

“रडलास का?” आईनं विचारलं.

“आता काय बोलतीस तू?”

“रडलास का सांग.”

“दोन दिस रडतोय!” त्यानं ताट सरकवलं. “मेलीस म्हणून रडतोय! तोंडानं सांगायचं व्हतंस!”

“चार येळा सांगितलं.”

“समोर बोलवायचं!”

“चार वर्सं बोलवतीया. भट्टी बंद ठिवता येत न्हाई म्हणतोस. आणि आला असतास तरी माझं ऐकून परत गेला असतास आणि पोरीला घिऊन गेला असतास. निकमांचं मीठ खाल्लंईस, त्यांना न्हाई म्हणाय तुझी जीभ उचलली नसती. आता तू न्हाई म्हणालाच न्हाईस. त्येच म्हणाले.”

“पोरगा काय वाईट व्हता? स्वतःचं दुकान हाय. सुखात ऱ्हायली असती.”

“आसंल.”

“मग तिला शिकवून काय कलेक्टर करायचीया?”

“मला काय ठाऊक काय करायचीया. तिला ठाऊक आसंल.” आईचा आवाज पहिल्यांदाच चढला आणि लगेच खाली आला. “तुला मी चौदाव्या वर्षी विट्याच्या ष्ट्यांडावर रंगरावाच्या हातात दिला. तवा तुला कुणी इचारलं न्हाई, तुला साळा पायजे का म्हणून. मीबी न्हाई. तू खिडकीतनं हात काढून दप्तर माझ्याकडं दिलंस. ते मी हणमाला दिलं. ती उजी धडा वाचाय लागली की मला रोज ते दप्तर दिसतं. एकदा झालं माझ्या हातनं. दुसऱ्यांदा न्हाई करणार.”

दादा तिच्याकडं बघत राहिला. मग माझ्याकडं वळला. तिच्यावर काढता येत नव्हतं ते माझ्यावर काढणार हे मला दिसत होतं.

“दुसरी तार कवा टाकलीस?”

“मी टाकू दिली न्हाई त्याला,” आई मध्येच म्हणाली.

“त्याला इचारतोय.”

पोचली नसेल, चुकामूक झाली असेल, असं म्हणता आलं असतं. तार खात्याच्या चुका रोज होत. मी खिशातून फॉर्म काढला आणि त्याच्या हातात दिला.

अक्षरं फुटली होती. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, पण न दिलेला फॉर्म कळायला इंग्रजी लागत नाही.

“पेपरात चुकीचं छापलं की तुम्ही काय करता?”

“खुलासा देतो.”

“कवा?”

“दुसऱ्या दिवशी.”

“मग?”

“दादा, तुला समोर उभं राहून नको म्हणायची माझी छाती नव्हती,” मी म्हणालो. “तुझ्याच मनिऑर्डरींवर शिकलेला मी. कुठल्या तोंडानं म्हणणार? रांगेत उभा होतो. माझा नंबर आला. मी परत आलो.”

तो मारेल असं मला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं कागदाची होती तशीच घडी केली आणि स्वतःच्या खिशात ठेवली.

“आता मी निकमांना तार करतो,” तो म्हणाला. “आई जिती हाय म्हणून.”

“कर,” आई म्हणाली. “आईसाठी डोकं भादरलेला बाप, कावळा बघितलेलं घर. ते काय म्हणत्यात बघ.”

तिचं बरोबर होतं, आणि ते त्यालाही ठाऊक होतं. तो उठला. पिशवी उचलली. पुन्हा खाली ठेवली. अंगणात गेला, पंचा उचलला, झटकला, परत सोप्याच्या पायरीशी आला.

“आई, एक ऐकून ठेव. ह्याच्या फुडं तुझी तार आली तर मी येणार न्हाई. खरी असू दे न्हाईतर खोटी.”

“नगं येऊस.”

“येणारच न्हाई.”

“आलास की तू. डोकं केलंस, उपाशी आलास, दोन दिस रडलास. माझं सगळं झालं तुझ्या हातनं. परत कशाला यायचं?”

तिनं हे रागानं म्हटलं नाही. हिशेब चुकता झाल्यावर माणूस बोलतं तसं म्हटलं.

दादानं बोललेलं पाळलं. आई त्यानंतर अकरा वर्षं जगली. सत्त्याण्णवच्या श्रावणात ती गेली तेव्हा मी सेलमला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, किती वाजता गेली ते विचारलं, आणि तो आला नाही. अग्नी मी दिला. बातमीही मीच लिहिली. मनमिळाऊ हा शब्द घातला नाही.

पण त्या शुक्रवारी हे सगळं पुढं होतं. तो पायरीवर बसला होता, पंचा गुडघ्यावर. आई आत जाऊन त्याच्यासाठी परत भात वाढत होती. तेवढ्यात उज्वला शाळेतून आली, लाल रिबिनी, हातात पुठ्ठा आणि कंपासपेटी. दारात बापाला बघून आधी तिचा चेहरा फुलला. मग तिला त्याचं डोकं दिसलं.

पुठ्ठा तिच्या हातातून गळाला. ती त्याच्याकडं न जाता थेट माझ्याकडं बघू लागली, मग आत, स्वयंपाकघराच्या दाराकडं.

“दादा,” ती म्हणाली. “कोण गेलं?”

आत भांड्याचा आवाज झाला. उज्वलानं तो ऐकला आणि मोठ्यानं श्वास घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण प्रश्न तसाच होता.

दादा तिच्याकडं बघत होता. बापानं चार वर्षांत तिला पाहिलं नव्हतं. ती त्याच्या कानापर्यंत आली असती.

“कोण न्हाई,” तो म्हणाला.

“मग डोकं?”

“उवा झाल्त्या.” त्यानं वाकून पुठ्ठा उचलला, त्यावरची धूळ पंचानं पुसली आणि तिच्यापुढं धरला. “कवापासनं हाईत पेपर?”

“सात तारखेपासून.” तिनं पुठ्ठा घेतला, पण तिचा विश्वास बसला नव्हता. “मामा रविवारी येणारेत ना?”

“मामा येत न्हाई.”

ती उभीच राहिली. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडं.

“आता बघत काय उभी ऱ्हायलीस?” दादा म्हणाला. “जा, आईला वाचून दाव.”